पाहुणा घरात की जमिनीत?

मागच्या २ ऑक्टोबरची ग्रामसभा. किनाऱ्यावरचे गाव. काजूच्या पालवीवर येणाऱ्या ढेकण्याच्या बंदोबस्ताबद्दल चार शब्द सांगायला मी गेलो होतो. फवारणीचे वेळापत्रक सांगून झाले आणि चर्चा वळली पर्यटनाकडे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतले. त्यात आपले सिंधुदुर्ग आणि विजयदुर्गही आहेत. तेव्हा आता पर्यटक वाढणार, रस्ता रुंद करा, वाहनतळ करा, किनाऱ्यावर दिवे लावा, अशा मागण्या एकामागून एक झाल्या. मागे बसलेले एक वयस्कर बागायतदार बराच वेळ गप्प होते. ते उठले आणि म्हणाले, "साहेबांनू, ह्या सगळा ठीक आसा. पण येणारो पावणो माज्या घरात ऱ्हवतलो की माज्या जमनीत? तेवढा पयला सांगा."

सभा हसली. पण हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पर्यटनावर आजवर आपल्या जिल्ह्यात जेवढी भाषणे झाली, त्यांत हाच प्रश्न राहून गेला आहे. पर्यटक आला पाहिजे यावर सर्वांचे एकमत आहे. तो आल्यावर पैसा कोणाच्या घरात जातो आणि जमीन कोणाच्या नावावर राहते, हे मात्र कोणी विचारत नाही. उत्तर शोधायचे तर थोडे मागे जाऊन पाहिले पाहिजे.

बंदराचे दिवस

बाहेरचा माणूस आपल्या किनाऱ्यावर येतो ही काही नवी गोष्ट नाही. सतराव्या शतकात डचांनी वेंगुर्ल्यात वखार घातली. तिचे पडके अवशेष आजही आहेत. पुढे इंग्रजी अमदानीत वेंगुर्ले बंदरात उतरणारा माल आणि फौजेचे सामान बेळगावकडे नेण्यासाठी आंबोली घाटाची वाट झाली. त्या वाटेवरचा मुक्काम म्हणून आंबोली नावारूपाला आली आणि थंड हवेसाठी साहेब लोक तेथे राहू लागले. आज आंबोलीच्या धबधब्याखाली भिजणारा पर्यटक ज्या घाटाने येतो, त्या घाटाचा इतिहास असा बंदराच्या मालाशी जोडलेला आहे.

त्या काळी गावकऱ्याच्या वाट्याला काय आले? हमाली, गाडीवानी आणि होडी वल्हवण्याची मजुरी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुरगाव बंदर रेल्वेने घाटमाथ्याशी जोडले गेले आणि वेंगुर्ल्याचा व्यापार ओसरत गेला. गाडीवान आपल्या शेताकडे परतला. शेत शिल्लक होते म्हणून परतला, हे येथे लक्षात ठेवायचे. दुसऱ्याच्या सोयीसाठी झालेली वाट दुसऱ्याच्या सोयीनेच वळते. आज त्या जागी विमानतळ आहे, महामार्ग आहे, एवढाच फरक.

चाकरमानी: आपला पहिला पाहुणा

आपल्या जिल्ह्याचा खरा पहिला पर्यटक कोण, असे विचाराल तर माझे उत्तर आहे, चाकरमानी. मुंबईच्या गिरण्यांत आणि गोद्यांत कामाला गेलेला हा आपलाच माणूस. गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्यात तो गावी येई. देवगड, मालवण, वेंगुर्ले या बंदरांत बोट लागायची आणि होडीतून पेटाऱ्यासह तो किनाऱ्यावर उतरायचा. पुढे बोटी बंद झाल्या आणि एसटीने ते काम केले. आंगणेवाडीच्या भराडीदेवीची जत्रा असो की कुणकेश्वरची महाशिवरात्र, पर्यटन हा शब्द कोणाला ठाऊक नव्हता तेव्हाही तेथे माणसांचा पूर लोटत होता.

या पाहुण्याचा हिशेब मांडून पाहा. तो राहायचा स्वतःच्या घरात. खायचा आपल्या शेतातल्या उकड्या तांदळाची पेज, कुळथाची पिठी, खाडीतली मासळी. जाताना आमसुले, आंबापोळी, फणसपोळी, कुळीथ आणि तांदूळ बांधून न्यायचा. वर्षभर मनीऑर्डर पाठवायचा ती वेगळीच. म्हणजे पाहुणा आला, पैसा आला, गावचा माल गेला आणि जमीन जागेवर राहिली. एकही हॉटेल न बांधता हे होत होते.

या व्यवस्थेचा गोडवा गाताना तिचे दुखणे लपवू नये. माणूस मुंबईला, म्हणून शेती बायका आणि म्हाताऱ्यांवर. वरकस जमीन पडीक, घरे कुलूपबंद. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि पुढे मनीऑर्डरीचा आधारच तुटला. मुंबईतून परतलेल्या अनेकांना त्या वेळी गावच्या सातबाऱ्याने हात दिला. ज्यांचा भाऊबंदकीत अडकला होता, त्यांना तोही मिळाला नाही.

सरकारी पर्यटन आणि सरकारी बाग

राज्याचे पर्यटन विकास महामंडळ १९७५ सालचे. आपला जिल्हा रत्नागिरीतून वेगळा झाला तो १ मे १९८१ रोजी. १९८७ मध्ये मालवणचे सागरी अभयारण्य जाहीर झाले. आपल्या पोटावर पाय येतो की काय, या भीतीने मच्छीमारांनी त्याला विरोध केला. १९९१ मध्ये किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना आली आणि भरतीरेषेजवळ घर बांधण्या-दुरुस्त करण्यालाही नियम लागले. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग 'पर्यटन जिल्हा' म्हणून जाहीर झाला. १९९८ च्या प्रजासत्ताक दिनी कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावली. मुंबईचा माणूस एका रात्रीत कणकवली, कुडाळ, सावंतवाडीला उतरू लागला.

याच काळात दुसरी एक गोष्ट घडत होती. ती माझ्या खात्याची म्हणून सांगतो असे समजू नका. १९९० पासून रोजगार हमीतून शंभर टक्के अनुदानावर फळबाग लागवड सुरू झाली. कातळाला सुरुंग लावून खड्डे घेतले, बाहेरून माती आणून भरली आणि वर्षानुवर्षे पडीक असलेल्या वरकस जमिनीवर हापूस आणि काजू उभा राहिला. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने दिलेल्या वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ सारख्या काजूच्या जाती घरोघरी गेल्या.

म्हणजे एकाच दशकात आपल्या जमिनीवर दोन योजना आल्या. एक म्हणाली झाड लावा. दुसरी म्हणाली पाहुणा बोलवा. या दोन्हींची गाठ घालून देणारे मात्र कोणी नव्हते. झाडाचे खाते वेगळे, पाहुण्याचे वेगळे. त्या फटीत तिसराच माणूस शिरला, तो म्हणजे जमिनीचा दलाल. पर्यटन जिल्हा म्हटल्यावर किनाऱ्यालगतच्या गुंठ्याचा भाव वाढला. बागायतदाराला वाटले, नारळ मोजत बसण्यापेक्षा एकदाच नोटा मोजाव्यात.

जमीन सरकारने घेतली तेथेही दुखणे राहिलेच. ज्या शिरोड्याने १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह केला, त्या शिरोड्याच्या वेळागरला १९९० च्या दशकात पंचतारांकित हॉटेलासाठी जमीन संपादित झाली. त्यावरून स्थानिकांचा जो वाद सुरू झाला, तो पाव शतकाहून अधिक काळ चालला. कोणाचे बरोबर, कोणाचे चूक हा वेगळा विषय आहे. पण एवढी वर्षे बाग की हॉटेल हे ठरत नाही, तेव्हा शेतकरी नवे झाड लावायला धजत नाही, हे मी माझ्या कामातून सांगू शकतो.

आता एकच आकडा. जनगणनेप्रमाणे २००१ मध्ये जिल्ह्याची लोकसंख्या ८ लाख ६८ हजार ८२५ होती. २०११ मध्ये ती ८ लाख ४९ हजार ६५१ झाली. पर्यटन जिल्हा होऊन, रेल्वे येऊन, त्यानंतरच्या दहा वर्षांत माणसे वाढली नाहीत. उलट १९ हजारांवर कमी झाली. पर्यटनामुळे माणसे गेली असे मी म्हणत नाही. पण नुसत्या पर्यटनाच्या नावाने तरुण मुलगा गावात थांबला नाही, हे मान्य करावे लागेल.

कोठे पैसा गावात राहिला

चित्र सगळे काळेच आहे असेही नाही. तारकर्ली-देवबागला एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी आणि मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी. तेथल्या अनेक मच्छीमार कुटुंबांनी आपल्याच घराला दोन-तीन खोल्या जोडल्या, न्हाणीघर सुधारले आणि पाहुणे घेतले. घरची बाई रांधते, मुलगा होडी चालवतो. ताटातली मासळी गावची आणि सोलकढीचा नारळ परसातला. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत बचत गटाच्या महिलांनी होडीतून कांदळवनाची सफर सुरू केली. पूर्वी ज्या चिखलाला कोणी किंमत देत नव्हते, तो पाहायला आज लोक पैसे मोजतात. शेजारच्या जिल्ह्यात मंडणगड तालुक्यातले वेळास पाहा. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने तेथे कासवांची अंडी राखण्याचे काम सुरू केले आणि गावाने त्याला साथ दिली. आज कासवाची पिल्ले समुद्रात जाताना बघायला माणसे येतात आणि गावकऱ्यांच्याच घरी उतरतात.

या तिन्ही ठिकाणी एक गोष्ट समान आहे. घर, होडी आणि जागा ज्याची, धंदा त्याचा. पाहुणा निघून गेला तरी मागे सगळे शिल्लक राहते.

याच्या उलट चित्रही मी रोज पाहतो. एका गावात माडाची बाग विकलेले एक गृहस्थ त्याच बागेच्या फाटकावर भेटले. आता ती जागा बाहेरच्या मालकाची आहे आणि हे तेथे राखणदार. मला म्हणाले, "माड माजेच लायलेले, आता राखतंय दुसऱ्याचे." आलेला पैसा घराच्या स्लॅबमध्ये, मुलीच्या लग्नात आणि एका गाडीत गेला. त्यांनी काही उधळपट्टी केली नाही. पण बाग दरवर्षी देत होती आणि पैसा एकदाच आला.

यात कायद्याची एक मेख आहे, ती अनेकांना ठाऊक नसते. कूळ कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतजमीन विकत घेणारा साधारणपणे शेतकरीच असावा लागतो. सगळे क्षेत्र विकून मोकळे झालात आणि उद्या मुलाने चार गुंठे घ्यायचे म्हटले, तर हाच कायदा त्याच्या आड येतो. विकायचीच वेळ आली तर निदान थोडे क्षेत्र नावावर राहू द्यावे.

पाण्याचा हिशेब

जमिनीइतकाच पाण्याचा प्रश्न आहे. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या माणसाला दिवसाला ५५ लिटर पाणी धरले आहे. भारतीय मानकाप्रमाणे हॉटेलला दर खाटेमागे रोजचे १८० लिटर धरतात. वीस खोल्यांचे, चाळीस खाटांचे एक हॉटेल म्हणजे भरल्या दिवशी ७,२०० लिटर. गावातल्या १३० माणसांचे पाणी. आणि हॉटेल भरते कधी? एप्रिल-मे मध्ये, म्हणजे जेव्हा विहिरीचा तळ दिसतो तेव्हा.

किनाऱ्याच्या वाळूत गोडे पाणी हे खाली असलेल्या खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. शास्त्राचा हिशेब असा की गोड्या पाण्याची पातळी एक फूट खाली गेली, तर खालचे खारे पाणी सुमारे चाळीस फूट वर चढू शकते. शेजारच्या प्लॉटमध्ये मोठा पंप रात्रंदिवस चालला की आपल्या विहिरीला मचूळ चव येते ती अशी. नारळ थोडा खारटपणा सोसतो. सुपारी, केळी, भाजीपाला सोसत नाही. एकदा विहीर खारी झाली की ती पुन्हा गोडी व्हायला कित्येक पावसाळे जातात. म्हणून पाण्याचा विचार परवानगी देण्यापूर्वी झाला पाहिजे. नंतर टँकर मागवून उपयोग नाही.

ग्रामपंचायतीने काय करावे

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना, ज्यांना आपण अजून ग्रामसेवकच म्हणतो, तीन कामे सुचवावीशी वाटतात.

पहिले, गावात पाहुणे ठेवणारी घरे, त्यांच्या खोल्या आणि विहिरी यांची एक वही घालावी. किती खाटा, किती पाणी, सांडपाणी कोठे जाते, एवढे लिहिले तरी पुरे. आज अनेक ग्रामपंचायतींकडे पर्यटनाचे ठराव सापडतात, ही माहिती सापडत नाही.

दुसरे, शोषखड्डा विहिरीपासून निदान १५ मीटर लांब असल्याची खात्री जागेवर जाऊन करावी. वाळूत आणि जांभ्यात घाण पाणी फार लवकर झिरपते. कचऱ्याचे वर्गीकरण आणि दर ग्रामसभेने ठरवावा आणि तो हॉटेलवाल्यालाही लावावा.

तिसरे, सामायिक खात्यांची भांडणे मिटवायला तलाठ्यांच्या, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यांच्या, मदतीने शिबिर घ्यावे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ प्रमाणे सहहिस्सेदारांच्या संमतीने तहसीलदारांकडून वाटप होऊ शकते. एका सातबाऱ्यावर तीस नावे असली की बँक कर्ज देत नाही, धंद्याची नोंदणी अडते, आणि शेवटी दलाल एकेका मुंबईकर हिस्सेदाराला गाठून त्याचा हिस्सा लिहून घेतो. किनाऱ्यावरची किती जमीन अशा वाटेने गेली, हे ज्याने-त्याने आपल्या गावात आठवून पाहावे.

बागायतदाराने काय करावे

शेतकरी बंधू-भगिनींनो, राज्य शासनाने २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण आणले. किमान एक एकर शेती असलेल्या शेतकऱ्याला पर्यटन संचालनालयाकडे कृषी पर्यटन केंद्राची नोंदणी करता येते. ज्यांना तेवढाही व्याप नको, त्यांना राहत्या घरातल्या दोन खोल्यांसाठी निवास व न्याहरी योजना आहे. सुरुवात दोनच खोल्यांनी करा. कारण पाहुण्याचा हंगाम आणि आपला हंगाम एकच असतो. दिवाळीच्या सुट्टीत तो येतो तेव्हा भात कापणीला आलेले असते. मे मध्ये येतो तेव्हा आंब्याची पेटी भरायची घाई असते. आठ खोल्या काढल्या तर बाग सुटते आणि बाग सुटली की पाहुण्याला दाखवायला काही उरत नाही.

बागेतही थोडा बदल हवा. रत्नागिरीजवळ भाट्ये येथील प्रादेशिक नारळ संशोधन केंद्राने 'लाखी बाग' ही पद्धत मांडली आहे. नारळाच्या मधल्या जागेत दालचिनी, जायफळ, काळी मिरी, केळी, अननस यांची लागवड. अशा बागेतून तासभर फिरवून आणलेला पाहुणा दालचिनीची साल आणि मिरीची पुडी घेतल्याशिवाय जात नाही. काजूगर, कोकम आगळ, आंबापोळी, मालवणी खाजे हे सारे घरबसल्या खपते. काजूचा बोंडू आपण झाडाखाली कुजू देतो. गोव्यात त्याच बोंडूची फेणी पर्यटक हौसेने विकत घेतो. आपण निदान त्याचे सरबत तरी बाटलीत भरावे.

आणि कोणी जागा मागायला आला तर आधी भाडेपट्ट्याचे बोला. मुदत, भाडे, भाडेवाढ, झाडांची मालकी आणि विहिरीचे पाणी, सगळे कागदावर नोंदवून घ्या. दस्त रीतसर नोंदवा आणि सही करण्यापूर्वी आपल्या ओळखीच्या वकिलाला दाखवा. मुंबईच्या भावाला फोन करायला विसरू नका. घाई विकत घेणाऱ्याला असते, आपल्याला नसते.

९ ऑक्टोबर २०२१ रोजी चिपीचा विमानतळ सुरू झाला. विमाने कधी चालू, कधी बंद, हेही आपण पाहिले. जानेवारी २०२३ पासून सीमेपलीकडे मोपा विमानतळ चालू झाला आणि दोडामार्ग-सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडे गोव्याच्या गिऱ्हाइकाची नजर वळली. आता युनेस्कोचे नावही लागले आहे. पाहुणा येणार यात शंका नाही. तो यावाच. त्याला घावणे-रस खाऊ घालू, किल्ला दाखवू, बागेतून फिरवू.

राहिला त्या बागायतदारांचा प्रश्न. ग्रामसभेत मी त्यांना धड उत्तर देऊ शकलो नव्हतो. आता एवढेच सांगतो की पाहुणा घरात ऱ्हवतलो की जमिनीत, हे मुंबईचे मंत्रालय ठरवणार नाही आणि दलालही ठरवणार नाही. ते दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात तुमचीच सही ठरवील. ती करण्यापूर्वी एकदा बागेत जाऊन या. माड किती वर्षांचे आहेत आणि कोणी लावले, ते मोजा. मग काय ते ठरवा.